प्रकाशझोतानंतरची झोप

रात्री उशिरा अंगमेहनत केली की झोप उडते, असे आपल्याकडे घरातल्या वडीलधाऱ्यांपासून तालमीतल्या वस्तादांपर्यंत सगळे सांगत आले. पहाटे उठून मेहनत, संध्याकाळी पुन्हा मेहनत, लवकर जेवण आणि लवकर निजणे ही पैलवानाची दिनचर्या याच समजुतीवर बेतलेली आहे. आजच्या खेळाडूचे घड्याळ मात्र निराळे चालते. आयपीएलचा रात्रीचा सामना साडेसातला सुरू होतो आणि संपेपर्यंत सव्वाअकरा-साडेअकरा वाजतात. प्रो कबड्डीतली दुसरी लढत अनेकदा रात्री नऊनंतर रंगते. मडगावजवळ फातोर्ड्याच्या मैदानावर इंडियन सुपर लीगचे सामने दिव्यांखालीच झाले. कोकणात आणि मुंबईच्या उपनगरांत प्रकाशझोतातले कबड्डी सामने मध्यरात्रीपर्यंत चालणे नित्याचे आहे. नोकरी करून खेळणाऱ्यांना तर सरावासाठी रात्रीचीच वेळ उरते.

खेळाडूची झोप खरोखर कशाने बिघडते, उशिराच्या व्यायामाने की त्याच्या मागेपुढे घडणाऱ्या गोष्टींनी? गेल्या पंचवीसेक वर्षांत या प्रश्नावर प्रयोगशाळेत आणि मैदानावर बरेच काम झाले आहे. ते सगळे एकत्र ठेवून पाहिले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. उशिराच्या व्यायामाला आपण गरजेपेक्षा जास्त दोष दिला आणि दुसऱ्या दिवशीच्या पहाटेच्या गजराला फारच कमी.

भीतीमागचे शरीरशास्त्र

वडीलधाऱ्यांचे म्हणणे निराधार नव्हते. झोप लागण्याआधी शरीर ठरावीक तयारी करते. उजेड ओसरला की मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीतून मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते. हातापायांच्या त्वचेकडे जास्त रक्त वाहते, तिच्यावाटे उष्णता बाहेर पडते आणि शरीराच्या आतले तापमान उतरू लागते. रात्रभरात ते साधारण १ अंश सेल्सिअसने खाली येते. हृदयाचे ठोके मंदावतात, मज्जासंस्थेची धावपळ थांबते. जोरकस व्यायाम नेमका याच्या उलट वागतो. ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतात, ठोके दुपटीहून वर जातात, शरीर तापते. चूल विझवली तरी तवा काही वेळ तापलेलाच राहतो, तसे खेळ संपल्यावरही शरीर लगेच निवत नाही.

पण याच शरीरशास्त्राची दुसरी बाजूही आहे. जितकी मेहनत जास्त, तितकी झोपेची गरज वाढते. शिवाय चढलेले तापमान उतरू लागते तेव्हा ते उतरणेच झोपेला बोलावते. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात हॉर्न आणि स्टाफ यांनी १९८३ मध्ये दाखवले की जोरदार धावण्यानंतर गाढ झोप वाढते आणि नुसते गरम पाण्यात बसून शरीर तापवले तरीही ती वाढते. टेक्सासमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र केले, तेव्हा झोपण्याच्या एक-दोन तास आधी ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्याने केलेल्या अंघोळीमुळे झोप लवकर लागते असे आढळले. म्हणजे शरीर तापणे हा झोपेचा शत्रू नव्हे. ते निवायला पुरेसा वेळ मिळाला की नाही, यावर सारे ठरते.

प्रयोगशाळेने काय सांगितले

या विषयातला सर्वांत धीट प्रयोग यंगस्टेड, क्रिप्की आणि इलियट यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी उत्तम तयारीचे १६ सायकलपटू घेतले, त्यांना झगझगीत उजेडात तब्बल तीन तास सायकल चालवायला लावली आणि व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात अंथरुणावर पाठवले. झोपेत म्हणावा असा बिघाड दिसला नाही. २०११ मध्ये फिनलंडमधल्या युवास्कुला विद्यापीठात ११ तरुणांना रात्री दमछाक होईपर्यंत सायकल चालवायला सांगितले गेले. त्यांच्या हृदयाचे ठोके झोपेच्या पहिल्या तीन तासांत नेहमीपेक्षा जलद राहिले, पण झोपेचा दर्जा घसरला नाही. शरीराचे इंजिन गरम असूनही माणूस झोपू शकतो, असा या दोन्ही प्रयोगांचा अर्थ निघतो.

जपानमधल्या ओदा आणि शिराकावा यांच्या २०१४ च्या अभ्यासाने या चित्राला मर्यादा घातली. त्यांनी नियमित व्यायाम करणाऱ्या १२ पुरुषांकडून झोपण्यापूर्वी एकदा मध्यम आणि एकदा जोरकस व्यायाम करून घेतला. मध्यम व्यायामाने काही फरक पडला नाही. जोरकस व्यायामानंतर मात्र अंथरुणाला पाठ टेकताना हृदयाचे ठोके मिनिटाला जवळपास २५ ने जास्त होते आणि डोळा लागायला सुमारे १४ मिनिटे अधिक गेली.

असे विखुरलेले निष्कर्ष एकत्र तोलण्याचे काम झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी केले. त्यांनी २३ अभ्यास तपासले. संध्याकाळच्या व्यायामाने एकंदरीत झोप बिघडत नाही, उलट गाढ झोपेचा वाटा थोडा वाढतो, असे त्यांना आढळले. व्यायामाविना तो सरासरी १९.९ टक्के होता, तर व्यायामानंतर २१.२ टक्के झाला. त्यांनी अपवाद एकच नोंदवला. व्यायाम जोरकस असेल आणि तो झोपेच्या तासाभर आधीपर्यंत चालला असेल, तर झोप उशिरा लागते आणि कमी मिळते. मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठाने २०२१ मध्ये फक्त जोरकस व्यायामाचे १५ अभ्यास आणि त्यातल्या १९४ जणांच्या नोंदी पाहिल्या. व्यायाम झोपेच्या दोन तास आधी आटोपला तर झोप चांगली लागते, त्याहून उशिरा संपला तर अडचण सुरू होते, हा त्यांचा सारांश होता. स्वप्ने पडतात त्या रेम झोपेचा वाटाही त्यांना किंचित घटलेला दिसला.

इथवरचा हिशेब सोपा आहे: हलका किंवा मध्यम व्यायाम रात्रीही चालतो, जोरकस व्यायामाला किमान दोन तासांची सवड द्यावी.

घराघरातल्या नोंदी वेगळे का सांगतात

२०२५ मध्ये मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातून एक फार मोठा अभ्यास आला आणि हा हिशेब पुन्हा मांडावा लागला. मनगटावर ठोके आणि झोप नोंदवणारा व्हूप पट्टा बांधणाऱ्या १४,६८९ लोकांच्या वर्षभरातल्या सुमारे ४० लाख रात्री त्यात तपासल्या गेल्या. झोपेच्या नेहमीच्या वेळेच्या चार किंवा अधिक तास आधी संपलेल्या व्यायामाचा झोपेवर परिणाम दिसला नाही, मग तो कितीही कष्टाचा असो. वेळ जसजशी झोपेच्या जवळ सरकली आणि व्यायामाचा ताण वाढत गेला, तसतशी झोप उशिरा लागली, कमी मिळाली आणि रात्रभर हृदयाचे ठोके जलद राहिले. ठोक्यांमधला नैसर्गिक चढउतारही घटला. हा चढउतार शरीर सावरते आहे याची खूण मानला जातो, म्हणून त्यातली घट महत्त्वाची.

दोन तास की चार तास? मला या दोन आकड्यांत विरोध दिसत नाही. प्रयोगशाळेत झोपण्याची वेळ संशोधकाने ठरवलेली असते. तिथे कोणी व्यायामानंतर रिक्षा शोधत नाही, जेवणासाठी थांबत नाही, मोबाइल हातात घेऊन बसत नाही. सहभागी झालेले बहुतेक जण तरुण, तंदुरुस्त आणि पुरुष असतात. घरी मात्र व्यायाम तासभर लांबला की जेवण, अंघोळ आणि पाठ टेकणे हे सगळेच तासभर पुढे जाते. शिवाय मोनॅशचा अभ्यास हा नोंदींचा अभ्यास आहे. ज्या दिवशी माणूस रात्री उशिरा व्यायाम करतो तो दिवस बहुधा आधीच लांबलेला, कामाने गच्च भरलेला असतो. तेव्हा दोष किती व्यायामाचा आणि किती त्या दिवसाचा, हे अशा नोंदींतून वेगळे काढता येत नाही. दोन्ही प्रकारचे अभ्यास मिळून एक व्यवहार्य नियम देतात. साधा सराव असेल तर दोन तास पुरतात, जिवाच्या आकांताने खेळायचे असेल तर चार तास हवेत.

सराव वेगळा, सामना वेगळा

प्रश्नाचा सर्वांत कठीण भाग इथे सुरू होतो. सामना म्हणजे जोरकस व्यायाम आणि त्यावर आणखी पाच-सहा गोष्टींची भर.

युरोपातल्या अव्वल संघांच्या फुटबॉलपटूंवर फुलगार आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. रात्रीच्या सामन्यानंतर खेळाडूंची झोप दिवसाच्या सामन्यानंतरच्या तुलनेत अडीच तासांहून अधिक आणि सरावाच्या दिवसाच्या तुलनेत सुमारे तीन तासांनी घटली. ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळणाऱ्यांतही सार्जंट आणि रोच यांना असाच तोटा आढळला. प्रयोगशाळेतली १४ मिनिटे आणि मैदानावरचे तीन तास, यांच्यामधले अंतर केवळ स्नायूंच्या थकव्याने भरून निघत नाही.

पहिले कारण कॅफिन. ऑस्ट्रेलियात सुपर रग्बीच्या एका रात्रीच्या सामन्यात खेळाडूंच्या लाळेतले कॅफिन मोजले गेले. सामन्यानंतर ते चांगलेच वाढलेले होते आणि त्या रात्रीची झोप तुटपुंजी होती. शरीरातले कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. डेट्रॉइटमध्ये २०१३ साली झालेल्या एका प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननेही झोप तासाभराहून अधिक घटवली. झोप इतकी कमी झाल्याचे त्या लोकांना स्वतःला मात्र नीट जाणवलेही नव्हते. आपल्याकडे नाणेफेकीच्या सुमारास घेतलेली कॉफी, मध्यंतरातले एनर्जी ड्रिंक आणि सामन्यानंतरचा कडक चहा यांची बेरीज कुणी करत नाही.

दुसरे कारण उजेड. प्रकाशझोतांचा उजेड घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पट प्रखर असतो आणि रात्रीचा प्रखर उजेड मेलाटोनिनला रोखून धरतो. तिसरे कारण मनाचे. शेवटच्या चढाईत पकडल्या गेलेल्याच्या किंवा शेवटच्या षटकात झेल सुटलेल्याच्या डोळ्यांपुढे ते क्षण पुन्हा पुन्हा उभे राहतात. जिंकलेल्यालाही आनंदाने झोप येत नाही. चौथे कारण ठणका. मुका मार आणि आखडलेले स्नायू कूस बदलताना जागे करतात.

आणि पाचवे कारण निव्वळ घड्याळाचे. सामना संपल्यावर बक्षीस समारंभ, मुलाखती, फिजिओकडची रांग, हॉटेलपर्यंतचा प्रवास, जेवण. गावोगावच्या स्पर्धांत अंतिम सामन्यानंतर पाहुण्यांचे सत्कार आणि भाषणे होतात, मग खेळाडू मोटारसायकलवरून किंवा भाड्याच्या गाडीतून घर गाठतात. पाठ टेकायला दोन वाजतात. व्यायामाने झोप उडाली म्हणावे, तर झोपायची संधीच मिळालेली नसते. ऑस्ट्रेलियातल्या २८३ अव्वल खेळाडूंना ज्युलिफ आणि सहकाऱ्यांनी प्रश्न विचारले. उशिराच्या सामन्यानंतर किंवा सरावानंतर झोप बिघडते असे निम्म्याहून अधिक जणांनी सांगितले. त्यावर उपाय म्हणून आपण काहीच करत नाही, असे सांगणारे सांघिक खेळांत बहुसंख्य होते.

सगळ्यांना एकच माप नको

कुणी पहाटेचा पक्षी असतो, कुणाला रात्रीच उत्साह चढतो. हा फरक बराचसा जन्मजात असतो आणि व्यायामाचा परिणाम त्यावर अवलंबून असतो. यंगस्टेड यांच्या २०१९ च्या अभ्यासानुसार सकाळी ७ वाजता किंवा दुपारी १ ते ४ दरम्यान केलेला व्यायाम शरीराचे घड्याळ अलीकडे आणतो, तर संध्याकाळी ७ ते १० दरम्यानचा व्यायाम ते पुढे ढकलतो. २०२० च्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात एक महत्त्वाचा बारकावा दिसला. लवकर उठणाऱ्यांचे घड्याळ संध्याकाळच्या व्यायामाने पुढे ढकलले गेले, पण रात्री जागणाऱ्यांचे घड्याळ सकाळच्या आणि संध्याकाळच्या अशा दोन्ही व्यायामांनी अलीकडे आले. एकाच संघातल्या दोन खेळाडूंवर एकाच सामन्याचा परिणाम वेगळा होतो, त्याचे एक कारण हे.

हवामानाचाही विचार करायला हवा. उष्ण आणि दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर निवत नाही, जाग जास्त येते आणि गाढ झोप घटते, हे जपानी संशोधकांनी दाखवले आहे. झुरिक किंवा युवास्कुलाच्या गार हवेत दोन तास पुरत असतील. एप्रिल-मे महिन्यात मुंबईत, रत्नागिरीत किंवा मडगावात पंख्याखाली झोपणाऱ्या खेळाडूला तेवढे पुरतील असे धरून चालू नये.

स्त्री खेळाडूंचे नुकसान दुहेरी आहे. मासिक चक्राच्या उत्तरार्धात शरीराचे तापमान थोडे चढलेलेच असते, म्हणून रात्रीच्या व्यायामानंतर निवण्याचा प्रश्न त्यांच्यासाठी वेगळा असू शकतो. तरीही या विषयावरचे बहुतेक अभ्यास तरुण पुरुषांवर झाले. महिलांचे क्रिकेट, कबड्डी आणि खो-खो दिव्यांखाली येत असताना त्यांच्या झोपेचा अभ्यास भारतात, भारतीय हवेत व्हायला हवा. ही गरज तातडीची आहे.

गजराकडे कुणी पाहत नाही

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतल्या जलतरणपटूंचा एक अभ्यास २०१४ मध्ये आला. सकाळी ६ वाजता पोहायचे असेल त्याच्या आदल्या रात्री त्यांना सरासरी ५.४ तास झोप मिळाली आणि सुट्टीच्या आदल्या रात्री ७.१ तास. ते जलतरणपटू रात्री लवकर झोपायला जात होते. लवकर आडवे झाले म्हणून झोप लवकर लागत नाही, कारण शरीराचे घड्याळ आज्ञेवर चालत नाही. पण सकाळचा गजर मात्र ठरल्या वेळी वाजतो.

फुटबॉलपटूंचा आणि जलतरणपटूंचा, हे दोन अभ्यास शेजारी ठेवा. रात्रीचा सामना झोपेची सुरुवात पुढे ढकलतो, पहाटेचा सराव तिचा शेवट अलीकडे ओढतो. दोन्ही एकाच खेळाडूच्या वाट्याला आले की मधे तीन-चार तास उरतात. आपल्याकडे हे सर्रास घडते. रात्री एकला घरी आलेला कबड्डीपटू पहाटे साडेपाचला मैदानावर हजर नसेल तर त्याला आळशी ठरवले जाते. पोलिसात, रेल्वेत, बँकेत नोकरी करणाऱ्या खेळाडूला सकाळची ड्यूटी गाठायची असते, शाळकरी खेळाडूला सकाळची शाळा.

या कमी झोपेची किंमत मोजली गेली आहे. लॉस एंजेलिसमधल्या ११२ शाळकरी खेळाडूंच्या २०१४ च्या अभ्यासात आठ तासांहून कमी झोपणाऱ्यांत दुखापतीचे प्रमाण १.७ पट आढळले. झोप वाढवली तर काय होते, हे स्टॅनफर्ड विद्यापीठात चेरी माह यांनी २०११ मध्ये दाखवले. ११ बास्केटबॉलपटूंना पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणावर राहायला सांगितले गेले. त्यांची धाव १६.२ सेकंदांवरून १५.५ सेकंदांवर आली आणि फ्री थ्रोची अचूकता ९ टक्क्यांनी वाढली. त्यांना कोणतेही नवे तंत्र शिकवलेले नव्हते.

काय करता येईल

खेळाडूच्या हातातल्या गोष्टी थोड्या आहेत, पण खऱ्या आहेत. जोरकस सराव झोपेच्या चार तास आधी, निदान दोन तास आधी संपवावा. त्यानंतरचा वेळ तंत्र, अंग ताणण्याचे व्यायाम आणि चर्चा यांसाठी वापरावा. सामन्यानंतर शरीर सैल करण्याचा व्यायाम टाळू नये. कोमट पाण्याने अंघोळ करावी, दिवे मंद ठेवावेत, सामन्याची चित्रफीत दुसऱ्या दिवशी पाहावी. दुपारनंतरच्या प्रत्येक कपाचा हिशेब ठेवावा. जेवणाबाबत सिडनीतला एक प्रयोग आपल्या ताटाजवळचा आहे. झोपेच्या चार तास आधी जॅस्मिन तांदळाचा, म्हणजे लवकर पचणारा भात खाल्लेल्यांना सरासरी ९ मिनिटांत झोप लागली आणि सावकाश पचणारा भात खाल्लेल्यांना १७.५ मिनिटांत. अभ्यास लहान होता, फक्त १२ पुरुषांचा. पण सामन्यानंतर तेलकट, मसालेदार जेवणापेक्षा वरणभात किंवा दहीभात बरा, हे घरचे शहाणपण त्याच्याशी जुळते. मद्याने डोळा लवकर लागतो आणि उत्तररात्रीची झोप मोडते, म्हणून विजयाचा आनंद त्याविना साजरा व्हावा. दुसऱ्या दिवशी दुपारी काढलेली अर्ध्या तासाची डुलकी रात्रीची तूट काही अंशी भरून काढते.

मोठ्या गोष्टी मात्र इतरांच्या हातात आहेत. प्रशिक्षकाने रात्रीच्या सामन्यानंतरची सकाळ मोकळी ठेवावी. सराव दुपारी घेतला तर संघाचे काही बिघडत नाही. आयोजकांनी सत्कार आणि भाषणे अंतिम सामन्याच्या आधी उरकावीत आणि मुलामुलींचे सामने संध्याकाळच्या पहिल्या सत्रात खेळवावेत. दूरवरून आलेल्या संघाची त्या रात्री गावातच राहण्याची सोय करावी, कारण दमलेल्या, झोपाळलेल्या खेळाडूने रात्री दोनला घाटातून गाडी चालवणे जिवावर बेतू शकते. खेळाडूंना नोकरी देणाऱ्या कार्यालयांनी सामन्याच्या दुसऱ्या दिवशी उशिरा हजर राहण्याची मुभा द्यावी.

रात्रीचे सामने आता थांबणार नाहीत आणि थांबावेत असेही नाही. दिवसा कामावर असलेल्या लाखो लोकांना खेळ पाहता येतो आणि खेळताही येतो, तो याच दिव्यांमुळे. निरोगी खेळाडूचे शरीर उशिराचा व्यायाम पचवू शकते, हे संशोधनाने पुरेसे दाखवले आहे. त्याला नंतरचे आठ तास हवे असतात. सामन्याच्या वेळापत्रकात पहिली चढाई किंवा पहिला चेंडू कधी, हे आपण मिनिटावर ठरवतो. त्याच कागदावर दुसऱ्या सकाळी सराव किती वाजता, हेही आधीच लिहिले गेले पाहिजे आणि ती वेळ सामना संपण्याच्या वेळेवरून मोजली गेली पाहिजे.